खा खा सुटते तेव्हा डोक्यात काय चालतं? (कुणाला हावरट म्हणण्याआधी)

रामबागेतली (इंदूर)

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे मुंज होती. माझा मुलगा तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला. त्याने तिसऱ्यांदा श्रीखंड मागितलं आणि घरातलंच एक वडीलधारं माणूस भर पंगतीत म्हणालं, "अरे किती हावरटपणा, जिभेला काही लगाम?" बाकीचे हसले. पोराने वाटी होती तिथेच ठेवली आणि गच्चीच्या जिन्यात जाऊन बसला, भिक्षावळ झाली तरी खाली आला नाही. त्या रात्री साडेबाराला मला जाग आली तर हा स्वयंपाकघरात उभा, दिवा न लावता, लसणाच्या शेवेचा डबा पोटाशी धरून. झाकण वाजू नये म्हणून त्यावर नॅपकिन दाबलेला. मी दारातच थांबले. त्याच्या वयाची असताना मीही माहेरी हेच करायचे, फ्रॉकच्या घेराने झाकण धरून. मलाही हाच शब्द मिळालेला होता.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि गेली दोन वर्षं या विषयावर मिळेल ते वाचतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की हा शब्द चूक आहे, नुसता लागतो म्हणून नाही, शास्त्राने बघितलं तरी चूक. हावरट म्हणताना आपण धरून चालतो की याला ते फार आवडतं आणि आवडतं म्हणून आवरत नाही. पण मेंदूत आवडणं वेगळं आणि हवं हवं वाटणं वेगळं, दोन्हींच्या वाटाच वेगळ्या.

मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं उंदरांच्या तोंडाकडे बघून काम केलंय. उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी पडलं की तो ओठ चाटतो, कडू पडलं की जबडा वासतो, तान्हं बाळही असंच करतं. त्या वेळी सगळ्यांना वाटायचं डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन. १९८० च्या दशकाच्या शेवटी यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून पाहिलं. तर उंदीर अन्नाकडे जाईचनात, समोर खाणं असून उपाशी राहिले असते, नळीने भरवावं लागलं. पण जिभेवर साखर टाकली की ओठ मात्र पहिल्याइतकेच चाटायचे! म्हणजे आवडत होतं, फक्त हवं वाटत नव्हतं. आणि उलटही झालं, मेंदूतल्या हवं वाटण्याच्या वाटेला विजेने चाळवलं की उंदीर खात सुटायचे पण ओठ चाटणं काही वाढायचं नाही, उलट कधी कधी चव नकोशी झाल्यासारखं तोंड करायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातला तो डबाच दिसला. रात्री उभ्याने खाल्लेल्या त्या शेवेची चव मला आजही आठवत नाही.

दुसरं काम वोल्फ्राम शुल्ट्झ यांचं, माकडांवरचं. माकडाच्या तोंडात फळाचा रस पडला की डोपामिनच्या पेशी जोरात चेतायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. थोड्या दिवसांनी पेशी दिवा लागल्याबरोबरच चेतायला लागल्या आणि रस आल्यावर गप्प. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या वेळी नेहमीपेक्षाही मंद. १९९७ मध्ये याचा सगळा हिशोब छापून आला.

आता आपला इंदूरचा सराफा बघा. रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात. राजवाड्याकडून गल्लीत वळलं, गराडू (कंदाचे तुकडे) तळल्याचा वास आला, की पाय आपोआप भराभर पडतात. दिवा तिथे लागला. घास अजून दहा मिनिटं लांब आहे. आणि तिथून न खाता परत या म्हटलं की जी तगमग होते, ती मला वाटतं त्या न आलेल्या रसाची.

तर त्या पोराला किंवा आपल्याला जिभेवरून का बोलतात? जीभ तर बिचारी यात फारशी नाहीच. तुमचे अनुभव लिहा, विरोधातलेही चालतील.

लष्करकर (ग्वाल्हेर)

ताई, मनापासून लिहिलंय, मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. भर पंगतीत बोलायला नको होतं. पण मी ७१ वर्षांचा माणूस आहे, माझा एक प्रामाणिक प्रश्न आहे. आमच्या वडिलांचा नियम होता, ताटात टाकायचं नाही आणि दुसऱ्यांदा मागायचंही नाही. आम्ही पाच भावंडं त्यावरच वाढलो. सगळं जर मेंदूतल्या रसायनावर ढकललं तर संयम म्हणून काही उरतं का? तो लहान मुलांचा प्रयोग आहे ना, एक मिठाई समोर ठेवायची, थांबलास तर दोन देईन म्हणायचं, आणि जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात चांगली निघाली. मग लहानपणीच शिकवायला नको का?

मेंदूविद्यार्थी (इंदूर)

काका, संयम आहेच, मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतो पण. मी एम.ए. मानसशास्त्र करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये डाएट करणाऱ्या लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून एकेक पदार्थाचे फोटो दाखवले, खाणार का विचारलं. कपाळामागे मध्यावर एक भाग आहे, तो प्रत्येक पदार्थाचा भाव ठरवतो, म्हणजे हे मला कितीला पडेल आणि किती हवंय ते. ज्यांनी चविष्ट पण तब्येतीला वाईट पदार्थ नाकारले, त्यांच्यात कपाळाच्या बाजूचा दुसरा एक भाग जास्त काम करत होता आणि भाव ठरवणाऱ्या भागाला तब्येतीचाही हिशोब धरायला लावत होता. म्हणजे संयम म्हणजे घोड्याला लगाम नाही, भाव करताना बाजूला बसलेला जाणता माणूस म्हणा. आता झोप झाली नसेल, ताण असेल, पोटात कावळे ओरडत असतील तर तो जाणता माणूस गैरहजर.

आता मिठाईचा प्रयोग. तो वॉल्टर मिशेल यांचा, स्टॅनफर्डच्या बालवाडीत, १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, मार्शमॅलोसाठी प्रसिद्ध आहे. पण ती मुलं बरीचशी विद्यापीठातल्याच लोकांची होती. २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांवर परत हिशोब मांडला, त्यात सगळ्या थरांतली मुलं होती, तर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे धरल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश गेला. आणि २०१३ मधला सेलेस्ट किड यांचा छोटा प्रयोग तर मला फार आवडतो. २८ मुलं. आधी त्यांना सांगितलं, थांबा, चित्रं काढायला चांगलं सामान आणते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिलं, निम्म्यांना सांगितलं सॉरी, नाहीये. मग मिठाई ठेवली. ज्यांना आधी दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांचा मोडला ती ३. काका, तुमच्या घरी पाच भावंडांना उद्या पण तितकंच मिळणार याची खात्री होती, म्हणून तुम्ही थांबू शकलात, असं मला वाटतं. रागावू नका.

आणखी एक गोष्ट, मनोबल स्नायूसारखं वापरून थकतं असं आपण ऐकतो ना, त्यावरही २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तपासलं, तर परिणाम शून्याच्या आसपास निघाला.

लष्करकर (ग्वाल्हेर)

रागावलो नाही. खात्री होती हे मात्र खरं. आई सगळ्यांना वाढून मगच बसायची आणि कधी कमी पडलं तर स्वतःच्या ताटातलं काढायची. आज पहिल्यांदा त्या नियमाकडे या बाजूने बघितलं. थोडा विचार करतो.

शनिवारवाली_सून (इंदूर)

रामबागेतली ताई, तुम्ही आवडणं आणि हवं वाटणं लिहिलंत ते मी घरात डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहिते आहे.

माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन आहे. गोडाचं त्यांना कधीच वेड नव्हतं, दिवाळीतही चकलीचे गडी. तीन वर्षांपूर्वी औषध बदललं, प्रॅमिपेक्सॉल सुरू झालं, हात थरथरायचा तो बराच थांबला, आम्ही खूश. दोन-तीन महिन्यांनी घरातला गूळ संपायला लागला. आधी आम्हाला मुलांवर संशय. मग एका रात्री सासूबाईंनी पाहिलं, सासरे देवघरात बसून नैवेद्याची खडीसाखर खात होते, मुठीने. मी विचारलं, बाबा, आवडायला लागलंय का गोड? ते म्हणाले, "नाही गं, चवच कळत नाही, पण हात थांबत नाही." आणि रडले हो. सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळ्या गल्लीत शिस्तीसाठी प्रसिद्ध.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. ही औषधं डोपामिनसारखंच काम करतात आणि काही जणांना त्यामुळे खाण्याचा, खरेदीचा, जुगाराचा सुद्धा अनावर नाद लागतो म्हणे. त्यांनी हळूहळू डोस कमी करून औषध बदललं (स्वतःच्या मनाने कुणी बंद करू नका, डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने केलं) आणि दीड महिन्यात खडीसाखर जिथल्या तिथे. म्हणजे स्वभाव काय गोळीने येतो आणि गोळीने जातो? मी तेव्हापासून कुणालाच अधाशी म्हणत नाही.

रामबागेतली (इंदूर)

तुमचं वाचून अंगावर काटा आला. "चवच कळत नाही पण हात थांबत नाही", बेरिज यांचं सगळं काम एका वाक्यात आहे हो हे.

तसंच अजून एक. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिनचं जनुक शोधलं. आपली चरबीच हे हॉर्मोन सोडते आणि मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागाला कळवते की साठा पुरेसा आहे. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी नात्यातल्या दोन मुलांबद्दल लिहिलं, मूळचं पाकिस्तानी कुटुंब, जन्मतःच लेप्टिन बनत नव्हतं. सतत भूक, कितीही खाल्लं तरी भूक. त्यातली मुलगी नऊ वर्षांची असताना ९४ किलो होती. तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि वर्षभरात १६ किलो वजन उतरलं, कारण भूकच माणसासारखी झाली. त्या मुलीला आधी लोक काय काय म्हणाले असतील!

पण हे फार दुर्मिळ. बहुतेक जाड लोकांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच ते नीट ऐकत नाही, म्हणून त्याची इंजेक्शनं सगळ्यांना लागू पडली नाहीत.

सिस्टर_नाइटड्युटी (इंदूर)

मी एमवाय रोडच्या बाजूला राहते, नर्स आहे, महिन्यातून बारा-चौदा नाइट होतात. सकाळी सातला सुटले की पाय थेट पोह्याच्या ठेल्यावर. ती परात खालून पाण्याच्या वाफेवर ठेवलेली असते, वरचे पोहे मऊ आणि पिवळेधमक, तो माणूस कागदावर पोहे, शेव, कांदा, जिरावण मसाला असं टाकत जातो, आणि मी एक प्लेट संपायच्या आत दुसरी सांगते आणि जिलबी दोनशे ग्रॅम. सुट्टीच्या दिवशी, रात्री झोपलेली असले की त्याच ठेल्यावर एका प्लेटीत पोट भरतं. मला वाटायचं नाइटला श्रम जास्त होतात म्हणून. मग ट्रेनिंगमध्ये एका मॅडमनी सांगितलं.

शिकागोमध्ये २००४ मध्ये १२ तरुण मुलांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा तास. कमी झोपेत लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी, घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आणि भूक २४ टक्क्यांनी जास्त. घ्रेलिन म्हणजे पोटातून निघणारं भुकेचं हॉर्मोन, १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं. भूक पण जास्त करून कशाची, तर गोड, खारं, पिठाचं. भाजी-काकडीची तेवढी नाही.

ताई तुमचा मुलगा रात्री किती वाजता झोपतो? मोबाइल? रागावून नाही विचारत.

रामबागेतली (इंदूर)

नाही, बरोबर विचारलंत. क्लास संपवून जेवायलाच साडेनऊ होतात, झोपायला बारा. शाळेची बस पावणेसातला. हे मी त्याच्या खाण्याशी कधी जोडलंच नव्हतं.

बडोदेकर_मास्तर

वडोदऱ्याहून लिहितोय. आपल्याकडे म्हण आहे ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. म्हणीत विनोद वाटतो पण ती डाएटवाल्यांची फार खरी गोष्ट आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक दिला, नंतर आइस्क्रीम पुढे ठेवलं, चव सांगा म्हणून. ज्या डाएट करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे. पण ज्या खाण्यावर कायम पहारा ठेवायच्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यानंतरच जास्त खाल्लं! एकदा मोडलंच आहे ना, मग आता काय, असं. मी स्वतः दहा वर्षं या चक्रात होतो. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, आणि शाळा सुटल्यावर मित्राने एक घास शेवउसळ खा म्हटलं की त्या दिवशी चार प्लेटी, कारण आजचा दिवस गेलाच, उद्यापासून नक्की. त्या उद्याचं मी नाव पण नाही काढत आता.

आणि उपाशी राहिल्यावर मेंदू काय करतो ते बघायचं तर मिनेसोटाचा प्रयोग वाचा. दुसरं महायुद्ध चालू होतं, १९४४ च्या शेवटी, अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण घेतले, स्वतःहून आलेले, आणि सहा महिने निम्म्या जेवणावर ठेवले, वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरेपर्यंत. ही शहाणी, तत्त्वाची मुलं, युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली. ती ताटं चाटायला लागली, स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून वाचत बसायची, स्वप्नं खाण्याची, बोलणं खाण्याचं. आणि प्रयोग संपल्यावर कितीतरी आठवडे पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक भागेना. यांच्यात काय मनोबल नव्हतं? मनोबल होतं म्हणूनच तर टिकले. शरीराला दुष्काळ पडलाय असं वाटलं की ते माणसाला अन्नाशिवाय दुसरं काही सुचू देत नाही. कडक डाएट म्हणजे घरच्या घरी दुष्काळच की.

विजयनगरवाला

मला एवढं शास्त्र माहीत नाही पण माझा अनुभव सांगून टाकतो. वजन ११२, शुगर, डॉक्टरनी सेमाग्लुटाइड सुरू केलं, आठवड्याला एक इंजेक्शन. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसमध्ये बसलेलो आणि एकदम लक्षात आलं की डोकं शांत आहे. कसं सांगू, घरात फ्रिज चालू असतो, त्याची घरघर ऐकू पण येत नाही, आणि लाइट गेली की कळतं अरे आवाज होता. तसं. माझ्या डोक्यात सकाळपासून चाललेलं असायचं, अकराला समोसा, मग लंच, चारला कचोरी, घरी जाताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून काय घेऊ. ते बंद. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात हे चालतं आणि बाकीचे लोक ताकदीने दाबतात, मीच कमजोर. तेव्हा माहीत पडलं की बाकीच्यांच्या डोक्यात ते चालतच नाही! चाळीस वर्षं मी स्वतःला शिव्या देऊन राहिलो होतो फुकटच्या.

पण सगळं गोड नाहीये, मळमळ झाली दोन महिने, बद्धकोष्ठ पण. कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मेंदूविद्यार्थी (इंदूर)

दादा, छान लिहिलंत. हे औषध आतड्यातल्या जीएलपी-१ नावाच्या हॉर्मोनची नक्कल आहे, जेवल्यावर जे सुटतं आणि मेंदूला पुरे म्हणून सांगतं. आपलं स्वतःचं काही मिनिटांत संपतं, हे आठवडाभर टिकतं. एक सांगून ठेवतो, २०२२ मधल्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे तो आवाज परत येतो. ते मोडलेलं वचन नाही, बीपीची गोळी थांबवल्यावर बीपी वाढतं तसंच.

अनामिक_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझं नुसतं क्रेविंग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा नवरा ऑफिसला गेला की दार लावून खाते, भूक नसताना, भराभर, दुखेपर्यंत. ब्रेडचं पाकीट, मुलांची बिस्किटं, गार भात, काहीही. मग पुडे बाहेर दुसऱ्या इमारतीच्या कचऱ्यात टाकून येते. सहा महिने झाले. एका डाएट क्लिनिकमध्ये गेले तर तिथे मला म्हणाले तुम्हाला व्हायचंच नाहीये बारीक. त्यानंतर कुठेच गेले नाही.

सिस्टर_नाइटड्युटी (इंदूर)

बाळा, आधी हे की तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तू जे लिहितेस त्याला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर, २०१३ पासून मानसोपचाराच्या पुस्तकात वेगळा आजार म्हणून आहे. आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने, असं ताबा सुटून खाणं होत असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतात. आजार आहे म्हणजे उपचार आहेत, बोलण्याची थेरपी याला चांगली लागू पडते. डाएटवाल्याकडे आता जाऊ नकोस, आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कडक डाएटने हे वाढतं, बडोद्याच्या सरांनी वर लिहिलंय तसंच. जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेलीमानस म्हणून मानसिक आरोग्याची फोन लाइन आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र. दुपारी दार लावलेलं असेल ना, तेव्हाच फोन कर.

अनामिक_वाचक

नंबर लिहून घेतला. थँक्यू ताई.

काकू_लोकमान्यनगर

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मी त्या पंगतीतल्या वडीलधाऱ्यासारखीच बोलणारी बाई आहे, खरं सांगते, नातवाला परवाच बोलले. पण मला आता प्रश्न पडलाय तो असा की बोलायचं नाही, बरं, नाही बोलणार. मग त्याला तिसरी वाटी द्यायची का? आमच्याकडे सगळ्यांना साखर आहे, माझी आई साखरेने गेली. काळजी वाटते म्हणूनच बोलतो ना आम्ही.

रामबागेतली (इंदूर)

काकू, काळजी अगदी खरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, दिसायला दोघं सडसडीत. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्या लोकांना साखर लवकर का होते त्याचं हे एक कारण. म्हणून मी असं म्हणतच नाही की कितीही खाऊ द्या.

फक्त झगडा कुठे करायचा तेवढं बदलायचं. २०१२ मध्ये जर्मनीत २०५ लोकांना दिवसभर मधूनमधून विचारत राहिले की आत्ता काही हवंसं वाटतंय का, अडवताय का स्वतःला. वाटलं होतं ज्यांचा संयम जास्त ते जास्त वेळा मोह परतवत असतील. निघालं उलटंच, त्यांना मोहाशी झगडावंच कमी लागत होतं. दिवसाची मांडणीच त्यांनी अशी केलेली की मोह समोर येतच नव्हता.

आणि २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर एका जागी ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं दिलं, दोन आठवडे साधं शिजवलेलं, दोन्हीकडे साखर, चरबी, मीठ, तंतू पानावर सारखेच, हवं तेवढं खा म्हणून. पाकीटबंदच्या दिवसांत तीच माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती. माणूस तोच, मनोबल तेच.

म्हणून मी काय केलंय ते सांगते. त्याला जेवण साडेसातला, क्लासच्या आधी, डाळ-भात-पोळी पूर्ण पोटभर. शेवेचा पारदर्शक डबा ओट्यावरून काढला, स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर. बंद नाही केली, शनिवारी सगळे बसून खातो, वाटीत घेऊन, डब्यातून नाही. झोप साडेदहा, यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि तिसरी वाटी मागितली तर देणार, पण दहा मिनिटांनी, आणि देईन म्हटलं की देणारच. मेंदूविद्यार्थी यांनी लिहिलेली ती चित्रांच्या सामानाची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

काकू_लोकमान्यनगर

दहा मिनिटं का?

रामबागेतली (इंदूर)

पोट भरल्याची खबर आतड्यातून मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो तर पाच मिनिटांत ताट संपवतो. बऱ्याचदा तो स्वतःच विसरतो.

विजयनगरवाला

ताई, मग सराफा बंद का तुमचा?

रामबागेतली (इंदूर)

नाही नाही, काल रात्रीच जाऊन आलो. जेवून गेलो सगळे, आणि घरीच ठरवलं होतं काय खायचं, एक जलेबा चौघांत आणि भुट्ट्याचा कीस. बंद झालेल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून खाल्लं, उभ्याने नाही. त्याच्या वाट्याचा जलेबा, तुम्ही बघितलाय ना केवढा असतो, मनगटाएवढी जाड वेटोळी, त्याने अर्धा खाल्ला आणि हातात धरून बसला. मी काही बोलले नाही. मग म्हणाला, "आई, पहिल्या घासासारखा नाही लागत आता." मला इतकं बरं वाटलं. त्याने त्या आधी कधी खाताना चवीबद्दल काही म्हटलेलं मला आठवत नाही.

आणि लगेच म्हणाला गराडू घेऊ या का. हे पण खरंच आहे, बार्बरा रोल्स यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं, जे खातोय त्याचीच गोडी उतरते, दुसऱ्या चवीची भूक तशीच राहते, म्हणून तर जेवणानंतर गोडाला जागा असते. ते सगळं मी त्याला पायरीवर बसूनच समजावलं. तो म्हणाला, म्हणजे माझी चूक नाहीये ना. मी म्हटलं नाही रे. मग गराडू एक प्लेट घेतली, चौघांत.